पाण्याचा हात

४ मार्च २०२५, मंगळवार

चाललं! पहिल्या झटक्यात नाही, पण चाललं.

सकाळी पाणी मारायच्या यंत्राचं नोझल तुंबलं. बोअरच्या पाण्यात क्षार. मी आधीच म्हणालो होतो, फिल्टर दोन लावा, एकच लावला. काढलं, लिंबाच्या सत्त्वात बुडवलं, पिनेनं साफ केलं, परत बसवलं. दुपारी तूर सोडली. फिरत्या स्क्रूमधून सरकत पुढे आली, वरून पाणी धुक्यासारखं, आणि पलीकडच्या तोंडातून बाहेर पडली ती दाणा न् दाणा सारखा ओला! मुठीत धरून पाहिली. हाताला दमट लागते, पण पाणी सुटत नाही. असंच पाहिजे. लातूरच्या मोठ्या मिलमध्येसुद्धा इतकं एकसारखं होत नाही. चारचौघांत हे मी म्हणणार नाही. वहीत म्हणायला काय हरकत?

बायांनी टाळ्या वाजवल्या. गटाच्या बाराही जणी होत्या — सहा गावातल्या, सहा आमच्या भीमनगरातल्या. परदेशी निधीची अटच तशी आहे: दोन्हीकडच्या बाया, निम्म्या-निम्म्या, एकाच मिलमध्ये. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय — 'सर्वसमावेशक ग्रामीण विकास प्रकल्प'. पेंटरनं आधी 'समावेषक' रंगवलं होतं. मी त्याला परत शिडीवर चढवला. म्हणालो, पोटफोड्या ष खोड, शहामृगाचा श घाल. तो म्हणाला, 'खेड्यात कोन वाचतंय सायेब?' म्हणालो, मी वाचतो. शाळा नववीत सुटली म्हणून काय झालं, चुकलेली पाटी मला खपत नाही.

माया कोपऱ्यात उभी होती. माझी धाकटी बहीण, महामाया. मागच्या हंगामापर्यंत पाणी मारायचं काम तिचं. तुरीच्या ढिगाशी बसायचं, एका हातानं तूर खालीवर करायची, दुसऱ्या हातानं पाणी सोडायचं. कमी पडलं तर साल सुटत नाही, जास्त झालं तर डाळ चिकटते. लातूरला ज्याला हे जमतं त्याच्याबद्दल म्हणतात, ह्याला पाण्याचा हात आहे. मायाला मीच शिकवलं होतं. लगेच जमलं तिला.

'कसं वाटलं गं?'

'लई झकास, दादा.'

'आता बोटांना भेगा पडणार नाहीत तुझ्या.'

'हाव ना,' म्हणाली. हात पदराखाली होते.

६ मार्च, गुरुवार

नांदेडहून आरती मॅडमचा फोन. प्रकल्पाचं सगळं त्याच बघतात. 'संघपाल सर, नव्या पाकिटावर एक ओळ पाहिजे. यंत्राचं वैशिष्ट्य सांगणारी. तुमची मराठी चांगली आहे.' एम. ए. झालेल्या बाईनं मला हे म्हणावं!

दुपारभर तेच डोक्यात. 'यंत्रावर तयार' — त्यात काय विशेष? 'हात न लावता केलेली' — पोरकट. शेवटी सापडला: 'हस्तस्पर्शविरहित तूरडाळ'. एकच शब्द, पण भारदस्त. जोडाक्षरं आहेत तरी जीभ अडखळत नाही.

मिलमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. शिवकांता — गटाची सचिव, गावातली — 'छान आहे भाऊ' म्हणाली आणि लगेच सुपाकडे वळली. आमच्या भीमनगरची धोंडाबाई म्हणाली, 'मंजी काय रं?'

'म्हणजे कुणाचा हात न लागलेली, मावशी.'

माया हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. 'चांगला शबुद काढलास दादा. तूच काढावास!' मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी हसली.

९ मार्च, रविवार

पाकिटं छापून आली. 'विरहित'च्या दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व. बरोबर.

जयंती समितीचा निरोप — १४ एप्रिलला भीमनगरात माझा सत्कार. शाल देणार. 'नको' म्हणालो. एकदाच म्हणालो.

१२ मार्च, बुधवार

परदेशी बाई येऊन गेल्या. हेल्गा बाई, निधी देणाऱ्या संस्थेच्या. उंच, ऊन लागून नाक लाल झालेलं. खुर्ची ठेवली होती, त्यावर बसल्या नाहीत. बायांच्यात पोत्यावर बसल्या. वागायला साध्या. ही मिल नीट चालली तर अशाच चाळीस गावांत घालायच्या, आणि ते ठरणार ह्यांच्या अहवालावर. म्हणून आरती मॅडम सकाळपासून घामाघूम.

बाई एकेकीला विचारत होत्या, तुम्ही काय काम करता. मॅडम मधे बसून दोन्हीकडचं सांगत होत्या. कस्तुराबाई गावातल्या, गटात सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, 'म्या मशीनवर.' शिवकांता म्हणाली, विक्री बघते. मग मायाची पाळी.

'मी झाडते.'

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं, ही स्वच्छता आणि दर्जा सांभाळते.

मला इंग्रजी कळतं. मशीनच्या पुस्तकांवरून आणि डिक्शनरीवरून शिकलोय. बोलताना अडखळतो, ऐकायला पक्का. भाषांतर चुकलं हे कळलं. बोलणार होतो. तेवढ्यात हेल्गा बाई माझ्याकडे वळल्या — हे यंत्र तुम्ही बनवलं?

मग मी यंत्राबद्दल बोललो. बराच वेळ बोललो.

पाकिटावरच्या शब्दाचा अर्थ मॅडमनी सांगितला. 'ब्यूटिफुल!' म्हणाल्या. दोनदा.

संध्याकाळी मायाला विचारलं, झाडते असं कशाला सांगितलंस? 'मंग काय करून राहिले मी?' म्हणाली. खरंच की. पाणी मारायचं गेल्यापासून तिच्याकडे दुसरं काम आलंच नाही. पाकीट भरायला गावातल्या बाया बसतात. आमच्या सगळ्या अंगणात — वाळवण, भुसा भरणं, झाडलोट. हे कधी झालं? मी रोज तिथंच असतो!

उद्या शिवकांताला सांगतो, मायाला पॅकिंगवर घ्या.

१३ मार्च, गुरुवार

सांगितलं. 'बघू भाऊ, होळी होऊ द्या,' म्हणाली.

१५ मार्च, शनिवार

होळी झाली. माया अंगणातच.

पण डाळीला मागणी वाढली आहे! मागच्या साली गावात एक पाकीटसुद्धा खपलं नव्हतं, सगळी देगलूरला, नांदेडला जायची. आता गावातल्याच बाया मिलच्या दारात येऊन नेतात. चांगला माल झाकून राहत नाही. हे यंत्राचं यश.

१७ मार्च, सोमवार

जसं झालं तसं लिहितो. एक शब्द इकडे-तिकडे करणार नाही.

स्क्रूच्या खालच्या बेअरिंगला ग्रीस द्यायला मी यंत्राखाली आडवा झालो होतो. दारात कस्तुराबाई आणि गिऱ्हाईक कुणी तरी बाई. मला दिसत होत्या फक्त चपला.

'न्यावी का मंग?'

'न्या की बिनघोर. आता पैल्यावानी न्हाई. मशीनच पानी मारतंय. कुनाचा हात लागून न्हाई राहिला.'

'आन् त्या?'

'त्या भाईर असतात. झाडलोटीला. हे बगा, पाकिटावरच लिवलंय. शिकल्याल्या मानसानं लिवलंय.'

'कोन?'

'त्यांच्यातलाच हाय. संगपाल. सोबावानं लई चांगलं लेकरू.'

चपला गेल्या. मी ग्रीसची नळी धरून तसाच पडून. बाहेर आलो नाही. यायला पाहिजे होतं — उठून समोर उभं राहायला पाहिजे होतं! डोक्याचे केस पांढरे झालेला माणूस मी, स्वतःच बनवलेल्या यंत्राखाली लपून राहिलो.

१८ मार्च, मंगळवार

हस्तस्पर्शविरहित.

वेलांट्या तपासल्या मी. रफार तपासला. मधला शब्द वाचला नाही. दुसऱ्या कुणाला नसता दिसला तर चाललं असतं. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला दिसू नये?

आजी सांगायची, ह्या गावच्या आडावर तिनं कधी पोहरा धरला नाही. कुणी तरी यायचं, वरून ओतायचं, ही खाली ओंजळ धरून. माझ्या यंत्रातही पाणी वरूनच पडतं. चार नोझलमधून, अगदी एकसारखं.

लातूरला इतकी वर्षं मिलच्या मशीन उघडतोय, बसवतोय. बेअरिंगला विचारता येत नाही, तू कुणाचा. त्यामुळे मी निवांत झालो. विसरलो असं नाही — निवांत झालो. आणि माया इथंच होती, ती कशी निवांत होणार?

१९ मार्च, बुधवार

तिला विचारलं. भाकरी करत होती.

'तुला ठाऊक होतं?'

'काय?'

'यंत्र कशाला मागवलं ते.'

भाकरी उलटली. 'जेवून घे आधी.'

'माया!'

'हाव, ठाऊक व्हतं. गावातल्या कुत्र्यालाबी ठाऊक हाय. तुलाच न्हवतं.'

मग तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. मागच्या हंगामात डाळ चांगली झाली, पण गावात एका घरानं घेतली नाही. गटातल्या सहा बायासुद्धा घरी खायला नायगावच्या दुकानातून डाळ आणायच्या, स्वतःच्या मिलची सोडून. तोंडावर कुणी काही बोललं नाही. घरात मात्र सासवा बोलायला लागल्या — तिच्या हातचं पाणी आमच्या पोटात घालता का? दोघी यायच्या बंद झाल्या. बाकीच्याही निघाल्याच होत्या. गावातल्या सहा राहिल्या नाहीत तर अट मोडते, अट मोडली की निधी बंद, मिल बंद.

'आणि तू गप्प बसलीस?'

'मंग काय करू? मोर्चा काढू?'

'काढायचा!'

'तू काढ. लातूरहून ये आन् काढ.'

जेवलो नाही. तीही नाही. तवा उतरवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, 'पैल्या साली मिलकडं निगाले की बाया इचारायच्या, कुटं निगालीस गं? मी म्हनायची, पानी माराया. माज्याबिगर तूर फुटत न्हवती, दादा.'

तेवढंच. मग भांडी घेऊन बाहेर गेली ती बाहेरच राहिली.

नवऱ्यानं टाकल्यावर ती ह्या घरात आली तेव्हा महिनोन् महिने बोलत नव्हती. मी सुट्टीला यायचो, ही भिंतीकडे तोंड करून निवडत बसलेली. पाण्याचा हात आला तेव्हा बोलायला लागली. फोन करून मला सांगायची — आज तूर लई कोरडी व्हती, आज ढग व्हते म्हनून पानी कमी सोडलं. मी म्हणायचो, बरोबर केलंस. असे किती फोन.

या वर्षी एकही फोन आला नव्हता. त्याचंही मला काही वाटलं नाही. कामात असेल म्हणालो!

२१ मार्च, शुक्रवार

शिवकांताच्या दारात गेलो. आत बोलावलं तिनं. मी ओसरीतच उभा राहिलो.

'भाऊ, देवाशपथ, माझ्या मनात काही नाही. मी मायाच्या हातचं पाणी पिते मिलमध्ये. सासूबाईंना माहीत नाही, तेवढंच.'

'मग यंत्र कुणी मागितलं? अर्ज तुझा आहे.'

'सगळ्यांनी मिळून ठरवलं.'

'सगळ्यांत माया होती?'

तिचे ओठ हलले. मग म्हणाली, 'चहा टाकते, बसा.'

बसलो नाही. कप कोणता निघाला असता, असं मनात आलं. शिवकांतावर हा कदाचित अन्याय असेल. असू दे. मला आज न्यायानं वागायचं नाही.

२२ मार्च, शनिवार

नांदेडला जाऊन आलो.

आरती मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि ते खोटं नव्हतं. मग म्हणाल्या, 'मला अंदाज होता, सर.'

'मग?'

'अर्ज आला तेव्हा दोनच रस्ते होते. मिल बंद करायची, नाही तर यंत्र द्यायचं. बारा जणींचं काम टिकलं. मी काय करायला पाहिजे होतं, तुम्ही सांगा.'

मला सांगता आलं नाही.

त्यांनी हेल्गा बाईंचा अहवाल दाखवला. चाळीस गावांची शिफारस आहे. माझ्या यंत्राला एक सबंध परिच्छेद, नावासकट. नाव बरोबर लिहिलंय, एकही अक्षर चुकलेलं नाही. खाली एक वाक्य — तांत्रिक सुधारणेमुळे स्त्री-सदस्यांमधला सामाजिक ताण कमी झाला.

'चाळीसही यंत्रं तुम्हीच बनवायची, सर. मी तसं सुचवलंय.'

अशा कामासाठी आयुष्यभर झुरलो मी. परक्या मिलच्या मशीन दुरुस्त करता-करता रात्रंदिवस एकच वाटायचं, आपल्या नावाचं काही तरी असावं. आता आहे. चाळीस गावं. चाळीस माया कोपऱ्यात उभ्या, हात पदराखाली.

म्हणालो, 'मॅडम, ताण कमी नाही झाला, माणूस कमी झाला, असं लिहा अहवालात.'

म्हणालो नाही. परत येताना बसमध्ये सुचलं. तिथं फक्त 'बघतो' म्हणालो आणि उठलो.

२४ मार्च, सोमवार

लातूरहून बायकोचा फोन, कधी येता म्हणून. सगळं सांगितलं. बुद्धप्रिया म्हणाली, 'मायाला विचारलंत का, तिला काय पाहिजे?'

'त्यात विचारायचं काय? दिसतंच आहे.'

'तुम्हाला लई दिसतं.'

फोन ठेवला. तिनं ठेवला.

मी ठरवलंय. ज्यानं बसवलं त्यानं काढायचं.

२७ मार्च, गुरुवार

काढलं. पंप, पाइप, चारी नोझल. बाया येऊन उभ्या राहिल्या. तूर खाली सोडून ढीग केला. शेजारी पाट ठेवला, पाण्याची बादली ठेवली.

'माया, बस.'

'दादा, नको.'

'बस. तुझी जागा आहे ती.'

'मी न्हाई बसत.'

'भितेस कुणाला? मी आहे ना!'

कस्तुराबाईंनी कमरेला खोचलेला पदर सोडला. चपला घातल्या. 'चला गं,' म्हणाल्या — रागानं नाही, शिवी नाही, पाऊस आला की वाळवण उचलायला सांगावं तशा. एकेक जण निघाली. शिवकांता शेवटी. ती दारात थांबली, मायाकडे बघितलं. माझ्याकडे नाही. गेली.

सगळ्या गेल्यावर माया पाटावर बसली. बादलीत हात घातला आणि तसाच ठेवला.

'मार ना पाणी,' म्हणालो.

'कुनासाटी मारू आता?'

तूर तशीच कोरडी पडलेली. मी बरोबर केलं. मी बरोबर केलं. हे दोनदा का लिहिलं मी?

३० मार्च, रविवार

पाडवा. मिल बंद. गावात घरोघर गुढ्या. भीमनगरात कुणी माझ्याशी बोलत नाही. काल दुकानात शेंगदाणे घ्यायला गेलो, आपलीच माणसं बाजूला सरकली.

१ एप्रिल, मंगळवार

मायाला ताप. माझ्या हातचा चहा घेतला. 'साखर लई झाली,' म्हणाली. एवढंच बोललो दिवसभरात.

२ एप्रिल, बुधवार

धोंडाबाई आली. आत नाही आली, अंगणातूनच हाक.

'संगपाला! भाईर ये.'

आलो.

'तू आमची इज्जत राकलीस म्हने.'

'मावशी, ते —'

'कुटं ठिवलीस ती? दाव की. रांधून खाता येती का बगते.'

शेजारच्या पोरी हसल्या. तिला जोर आला. 'सत्काराची शाल आनून ठिवली व्हती समितीनं. आता काय करावं तिचं? म्हशीवर घालावी का? थंडीबी सरली!'

मग तिचाच आवाज बसला. जवळ आली. हळूच म्हणाली, 'आरं, मला काय कळत न्हाई व्हय? जल्मापासून कळतंय. तुज्या आधी कळतंय. पर तू जाशील लातूरला. मी ह्या गुडघ्यावर परत लोकाच्या रानात जाऊ का निंदाया? मिलमदी सावलीला बसत व्हते रं मी.'

'मावशी, अंगणात बसवत होते तुम्हाला. आत नाही.'

'आंगनात लिंबाचं झाड हाय,' म्हणाली.

ह्याला काय उत्तर द्यायचं? दुपारभर शोधलं. मॅडमलाही देता आलं नाही, हिलाही नाही. मी बरोबर आहे आणि बारा घरांचं काम गेलंय. ह्यातलं एक वाक्य खोटं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आरती मॅडमचा फोन. हेल्गा बाई विचारतात, मिल का बंद आहे. 'सर, मी त्यांना खरं कारण कळवू का? कळवलं तर प्रकल्पच थांबवतील. त्या तत्त्वाच्या पक्क्या आहेत.'

माझ्यासारख्या.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी माया शेजारी येऊन बसली. ताप उतरलेला. म्हणाली, 'शिवकांतावर राग धरू नगंस. तिला मी शपत घातली व्हती. मशीन मीच मागितलं, दादा. समद्या निगून चालल्या व्हत्या, तवा मीच म्हनलं, मी उटते, तुमी ऱ्हावा. आन् तुजं नावबी मीच सांगितलं मॅडमला. उटायचंच व्हतं तर परक्यानं कशाला उटवावं?'

दुपारी पंप, पाइप, चारी नोझल मी परत बसवले. बाया आल्या, मिल सुरू झाली. बटण तिनं दाबलं.